वाचकांचे प्रश्न : शाळेच्या सुट्टीत ऑस्ट्रियाच्या बर्फावर

मुलांना घेऊन ऑस्ट्रियात स्कीइंगला जायचं ठरवताना पडलेल्या शंका सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांनी कळवल्या होत्या. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

दिवाळीची सुट्टी सर्वांत मोठी असते. तेव्हाच ऑस्ट्रियात स्कीइंगला जाता येईल का? मुलं ९ आणि १२ वर्षांची आहेत, घरात कोणीच बर्फ पाहिलेला नाही. (सातारा)

जाता येईल, पण आमचा सल्ला जाऊ नका असा आहे.

ऑस्ट्रियातला स्कीचा खरा हंगाम डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या सुमारास गावांत बर्फ नसतो. स्की करता येते ती फक्त हिमनद्यांवर, म्हणजे हिंटरटुक्स, श्टुबाय, सोल्डेन, पिट्सटाल, काउनरटाल, किट्सश्टाइनहॉर्न अशा ठिकाणी. हिंटरटुक्सला तर बाराही महिने स्की चालते. पण हा सगळा बर्फ २,६०० ते ३,२०० मीटरच्या पट्ट्यात असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हे उतार त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. पहिल्यांदा बूट घालणाऱ्या मुलाचं तिथे डोकं दुखतं, दम लागतो. वारा सुटला की वर नेणारे पाळणे बंद होतात आणि अख्खा दिवस वाया जातो. खालच्या गावांत नोव्हेंबर हा दोन हंगामांमधला रिकामा काळ असतो. निम्मी हॉटेलं बंद आणि नवशिक्यांचे वर्गही मोजकेच. शर्यतीची तयारी करणाऱ्या खेळाडूंसाठी हा काळ चांगला, तुमच्यासाठी नाही.

मग कधी? शाळेला नाताळची सुट्टी असेल तर २४ डिसेंबरच्या आधी सुरू होणारा आठवडा पकडा. ऑस्ट्रियातल्या शाळांना २४ डिसेंबर ते ६ जानेवारी सुट्टी असते आणि त्या काळात राहण्याचे दर सर्वांत चढे असतात. २०२६ मध्ये १९ डिसेंबरला शनिवार येतो, आणि १९ ते २६ हा आठवडा त्या मानाने स्वस्त आणि मोकळा असतो. राज्य मंडळाच्या शाळेत तेव्हा सुट्टी नसेल तर आठवडाभराची रजा मागावी लागेल. वर्गशिक्षकांशी आधी बोला, कारण रजा मंजूर असल्याचं शाळेचं पत्र व्हिसाच्या कागदांतही लागतं.

फेब्रुवारी टाळा. त्या महिन्यात तिथल्या राज्यांना आळीपाळीने आठवडाभराची सुट्टी असते आणि जर्मनी-हॉलंडचे लोकही येतात. पाळण्यापुढे रांगा लागतात, शिक्षकांच्या गटात मुलं जास्त होतात. मे महिना तर विसराच, तेव्हा मोजक्या हिमनद्याच उरतात. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या मध्याला आटोपत असेल तर ओबरगुर्ग्ल हा चांगला पर्याय आहे. ते गावच १,९३० मीटरवर वसलेलं असल्यामुळे उशिरापर्यंत बर्फ टिकतो. फक्त सकाळी कडक आणि दुपारी पाणावलेल्या बर्फाची तयारी ठेवा.

एका ओळखीच्यांनी आर्लबर्ग सुचवलं. तिथे ३०० किलोमीटरचे उतार आहेत म्हणे. सहा दिवसांत ते सगळं होईल का? (सांगली)

तुम्हाला ३०० किलोमीटर लागणारच नाहीत. पहिले तीन दिवस कुटुंबाला लागते ती शंभर-दीडशे मीटरची, जवळजवळ सपाट, कुंपण घातलेली पोरांची उतरण आणि तिच्या कडेने हळूहळू वर नेणारा सरकता पट्टा. गाव निवडताना हीच एक गोष्ट आधी बघा. उतरण राहण्याच्या जागेपासून पायी पाच-सात मिनिटांवर आहे का? स्कीचे बूट घालून, खांद्यावर स्की आणि एका हाताला रडवेलं पोर धरून अर्धा किलोमीटर चालून पाहिलं की पटेल. शिकवणीची उतरण गावात आहे की पाळण्याने वर जावं लागतं, हेही विचारा. वर असेल तर पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना पाळण्यांचा पूर्ण पास काढावा लागतो.

लहान मुलांसाठी टिरोल राज्यातलं सेरफाउस चांगलं. गाव १,४३० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे साधारण महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटइतकं. त्यामुळे झोपायला उंचीचा त्रास नाही. गावात खासगी गाड्यांना मज्जाव आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीखालून छोटी गाडी धावते, १९८५ पासून. मुलांचं शिकवणीचं मैदानही खास त्यांच्यासाठी आखलेलं आहे. फक्त ते महाग आहे.

रेल्वेने थेट उतरायचं असेल तर त्सेल आम झे. स्टेशन गावातच, तळ्याच्या काठाला. गाव मात्र अवघ्या ७५७ मीटरवर आहे, त्यामुळे डिसेंबरात खाली हिरवं गवत दिसण्याची शक्यता धरून चाला. बर्फ दगा देईल तेव्हा शेजारच्या काप्रूनची किट्सश्टाइनहॉर्न हिमनदी हाताशी असते. किट्सब्युएलचं नाव मोठं, पण तेही साडेसातशे-आठशे मीटरवरचंच. डिसेंबरसाठी नवशिक्यांनी नावापेक्षा उंची बघावी.

ऑस्ट्रियात उतारांना तीनच रंग असतात : निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समधला हिरवा इथे नाही. निळ्यातही बराच फरक असतो. नकाशावर निळी दिसणारी रेघ मधेच अरुंद, गाडीवाटेसारखी होते आणि नवशिक्या तिथेच घाबरतो. शिक्षक म्हणाल्याशिवाय पोरांच्या उतरणीबाहेर जाऊ नका.

व्हिसासाठी कधी अर्ज करावा? आमचं उत्पन्न शेतीचं आहे. (मिरज)

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, चौकशी निघाली तर ४५ पर्यंत जातात. डिसेंबरच्या प्रवासाला सप्टेंबरातच वेळ घ्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे बारा वर्षांपासून पुढच्यांचे घेतात.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच, शेंगेन व्हिसा चालतो. त्यामुळे अर्ज कुठल्या देशाकडे करायचा इथे बरेच जण चुकतात. जिथे जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. आठ रात्रींपैकी पाच स्वित्झर्लंडला आणि तीन ऑस्ट्रियात असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि गेल्या दहा वर्षांतला हवा. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात आणि संपल्याचं ऐनवेळी लक्षात येतं, म्हणून आजच काढून बघा. मुलांसाठी जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.

शेतीच्या उत्पन्नाबद्दल : नुसता सातबारा देऊन भागत नाही. सातबारा जमीन दाखवतो, आवक नाही. करमुक्त शेती उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरणपत्र, कारखान्याचं ऊसबिल किंवा द्राक्षाच्या व्यापाऱ्याचे पैसे जमा झालेलं बँकेचं सहा महिन्यांचं विवरण आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर असं एकत्र लावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली, हा प्रश्न हमखास येतो.

कपडे आणि साहित्य इथून घ्यायचं की तिथे भाड्याने? (कराड)

स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट तिथे भाड्याने घ्या. अंगाला चिकटणारं सगळं इथून न्या.

आतला थर पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा हवा, सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं, आणि पाळण्यात स्वस्थ बसलं की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. लेबलवर पाणी रोखण्याचं माप १०,००० मिलिमीटर किंवा जास्त लिहिलेलं बघा. जीन्स अजिबात नको. नवशिका दिवसातून वीस वेळा बसतो आणि ओली जीन्स वाळत नाही. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, लहान मुलांना पाच बोटांपेक्षा पिशवीसारखे बरे, आणि दोन जोड. पहिला दुपारपर्यंत भिजतो.

उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही क्रीम लावा, तिथेच जळतं. ५० एसपीएफचं, दर दोन तासांनी.

आता बूट. सहलीचा सगळा आनंद या दोन प्लास्टिकच्या डब्यांवर अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ द्या.

स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरी मोजा : संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, सर्वांत पुढच्या बोटाशी खूण करायची. २४.३ आलं तर २४.५ चा बूट मागा. चपलेच्या सवयीने दोन नंबर मोठा मागू नका. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. थर्मल पँटचं टोक बुटात जाता कामा नये. त्याची एक सुरकुती तासाभरात नडगीवर फोड आणते. पाय घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटा, आधी घोट्यावरची बक्कल लावा, मग वरची, आणि बोटांवरच्या अगदी सैल. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकावा, गुडघे वाकवून पुढे झुकलं की तो मागे सरकावा. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. बोटं बधिर होत असतील तर बहुतेक वेळा थंडीपेक्षा आवळलेल्या बकलाचा दोष असतो. रक्तच पुढे जात नाही. दुकानात दहा मिनिटं घालून उभे राहा आणि टोचलं तर बदलून घ्या. पहिल्या दिवशी संध्याकाळीही बदलून देतात.

स्की-बुटाच्या पकडीवर एक आकडा लावलेला असतो. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते त्यावर ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून दुकानदार तो लावतो. वजन खरं सांगा. लाजून सहा किलो कमी सांगितलं तर स्की उगाच सुटते, आणि मुलाचं ‘पुढच्या वर्षी वाढेल’ म्हणून जास्त सांगितलं तर ती सुटत नाही, गुडघा पिळवटतो. ‘नवशिका’ हा शब्दही न लाजता सांगा. नवशिक्यांची स्की उभी केली की हनुवटीच्या आसपास यावी, त्याहून लांब नको.

हेल्मेट टिरोल आणि फोरार्लबर्ग वगळता सगळीकडे १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना कायद्याने सक्तीचं आहे. या दोन राज्यांतही शिकवणीवाले हेल्मेटशिवाय घेत नाहीत. मोठ्यांनीही घालावं.

शिकवणी लावायलाच हवी का? व्हिडिओ बघून आम्हीच मुलांना शिकवू शकतो का? (वाई)

लावायलाच हवी, आणि मोठ्यांनीही. पहिला धडा थांबण्याचा असतो. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, वरून बघितलं तर पिझ्झाचा तुकडा दिसावा. मुलांना शिक्षक ‘पिझ्झा’ असंच ओरडून सांगतात, आणि स्की समांतर म्हणजे ‘फ्राइज’. ऐकायला सोपं आहे. पण घाबरलेला माणूस मागे रेलतो, वजन टाचांवर जातं, पुढची टोकं बर्फ सोडतात आणि पिझ्झा काही केल्या थांबत नाही. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून पुढे झुकायचं, हे शरीराच्या भीतीविरुद्ध आहे. ते उतारावर शेजारी उभं राहून सांगणारा माणूस लागतो.

गटवर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, पाच-सहा दिवस, रोज साधारण चार तास, मधे जेवणाची सुट्टी. शेवटच्या दिवशी मुलांची छोटी शर्यत आणि पदक. यामुळे विमान असं पकडा की शनिवारीच गावात पोहोचाल. राहण्याची घरंही शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. सोमवारचा वर्ग चुकला तर मूल पूर्ण आठवडा गटाच्या मागे राहतं. नोंदणी करताना इंग्रजीतला गट लेखी मागा. शिक्षक इंग्रजी बोलतात, पण गटात बाकी नऊ मुलं जर्मन असली की सूचना जर्मनमध्येच जातात.

पासचं कार्ड जाकिटाच्या डाव्या खिशात एकटंच ठेवा. त्याच खिशात मोबाइल असेल तर फाटक उघडत नाही आणि मागे रांग तुंबते. सव्वा मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खुर्चीच्या पाळण्यात मोठ्या माणसासोबतच बसवतात.

सोबत काय खायला न्यावं? तासगावचे बेदाणे आणि साताऱ्याचे कंदी पेढे चालतील का? आम्ही शाकाहारी आहोत. (तासगाव)

बेदाणे न्या. पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणता येत नाहीत. तूप, पनीर, खवा सगळं त्यात येतं. पेढा म्हणजे खवाच, सीमेवर त्यासाठी वाद घालायला नको. ताजी द्राक्षं, स्ट्रॉबेरी आणि कढीपत्त्याची डहाळीही घरीच ठेवा. भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, पापड, भाजलेली थालीपीठ भाजणी बिनधास्त न्या.

तिथल्या दुकानांत तांदूळ, बटाटे, दूध, दही, चीज, पाव सहज मिळतं, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. दुकानं शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. शनिवारी रात्री पोहोचणारं कुटुंब सोमवार सकाळपर्यंत उपाशी राहू शकतं. वाटेत मोठ्या स्टेशनवर खरेदी उरका.

डोंगरावरच्या उपाहारगृहांत केझेश्पेट्झले म्हणजे चीजमधल्या शेवया मिळतात, त्यात अंडं असतं. कायझरश्मार्न या गोड पदार्थातही. सूप भाज्यांचं दिसलं तरी रस्सा बहुधा गोमांसाचा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. बटाट्याचे काप सगळीकडे मिळतात. नळाचं पाणी पिण्याचंच असतं.

शरीराची तयारी काय करावी? (सातारा)

आठ आठवडे आधीपासून अजिंक्यतारा चढा, आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा. चढताना दम वाढतो, पण स्कीला लागतात त्या मांड्या उतरताना तयार होतात, कारण तेव्हा स्नायू ताण सोसत लांबतो. स्कीच्या उतारावर हाच प्रकार तासन् तास चालतो. सांगलीकरांनी इमारतीचे जिने उतरावेत किंवा रविवारी दंडोबा गाठावा. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीत बसा. ३० सेकंदांपासून सुरू करून ९० पर्यंत नेलं की पुरे. चाकाच्या स्केटिंगचा सराव असलेली मुलं बर्फावर लवकर रुळतात.

विमा साधाच चालेल ना? (सांगली)

व्हिसापुरता ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा चालतो. उतारावर मोडलेल्या पायाला तो चालेलच असं नाही. बऱ्याच प्रवास विम्यांत हिवाळी खेळ वगळलेले असतात, छापील अटींतलं ते कलम वाचा आणि जोडविमा घ्या. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च हजारो युरोंत जातो आणि बिल जखमी माणसाच्या नावावर येतं. मोबाइलमध्ये १४० म्हणजे डोंगरी बचाव, १४४ रुग्णवाहिका, ११२ सर्वत्र, हे तीन क्रमांक भरून ठेवा.

म्युनिकहून गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे? खर्चाचा अंदाजही द्यावा. (फलटण)

रेल्वे. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, तिथल्या मुख्य स्टेशनवरून इन्सब्रुक रेल्वेने दोन तासांच्या आत. त्सिलरटाल खोऱ्यात जायचं तर अलीकडे येनबाखला उतरून मायरहोफेनची अरुंद रुळांची गाडी. गाडी घेतलीच तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे, महामार्गाचा टोल-परवाना वेगळा, आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या, १४ वर्षांखालच्या मुलांना खास आसन. आपल्या घाटात सफाईने चालवणाऱ्यालाही बर्फाचं वळण नवीन असतं.

मोठ्या क्षेत्राचा सहा दिवसांचा पास मोठ्यांना साधारण ३५० ते ४५० युरो, मुलांना जवळपास निम्मा. मुलांचं वय जन्मसालावरून मोजतात, पासपोर्ट जवळ ठेवा. भाड्याचं साहित्य मोठ्यांना १२० ते २००, पाच दिवसांचा गटवर्ग अडीचशे ते साडेतीनशे. शिवाय माणशी रात्रीला दोन ते पाच युरो स्थानिक कर, तो घराच्या भाड्यात धरलेला नसतो. बचत करायची जागा म्हणजे पास : शिकवणीची उतरण गावातच असेल तर पहिले दोन-तीन दिवस फक्त तिथल्या पट्ट्याचं तिकीट घ्या, उरलेल्या दिवसांचा पास नंतर.

तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या मुलीने जायचं नाही म्हटलं तर? (कराड)

न्यायचं नाही. तिसऱ्या दिवशी पाय सर्वांत जास्त दुखतात, आणि दमलेलं मूल पडतं. आधी बूट आणि नडगी तपासा, बऱ्याचदा फोडच सापडतो. दुपारी घसरगाडी घ्या. तिथे तिला रोडेल म्हणतात, लाकडी असते, भाड्याने मिळते. तिच्या वाटा स्कीच्या उतारांपासून वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी संध्याकाळी दिवे लावलेले असतात. मुलीला पुढे बसवा, हेल्मेट घालून. डावीकडे वळायचं तर डावं पाऊल बर्फावर दाबायचं आणि डावी दोरी ओढायची, उजवीकडे उजवं. थांबायचं तर दोन्ही पावलं सपाट टेकवून गाडीचं नाक वर ओढायचं. टाचा रोवू नका, बर्फाचा फवारा थेट मुलीच्या तोंडावर उडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच बूट मागेल, तेव्हा आदल्या रात्री आतलं अस्तर वाळवायला विसरू नका. स्की ठेवायच्या खोलीत गरम हवेच्या नळ्या असतात, त्यांवर बूट उलटे अडकवायचे.